धसक्यावरचा पाव

२ ऑगस्ट

काल रोसाउराला पुरलं. ओतिलियाची थोरली बहीण. साखरेच्या आजाराने आधी तिचा अंगठा नेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, आणि शेवटी उरलेली रोसाउरा. पेटी खाली सोडत होते तेव्हा ओतिलिया खड्ड्याकडे बघत नव्हती. स्वतःच्या बुटांकडे बघत होती. मी शेजारीच उभा होतो, मला दिसलं.

माझ्या बायकोलाही तोच आजार आहे. बरीच वर्षं झाली, पण आम्ही तो कधी मनावर घेतला नाही. गोळी घ्यायची आणि वर गोड पावही खायचा. गेल्या महिन्यात साखर इतकी चढलेली निघाली की डॉक्टरांनी गोळी सकाळ-संध्याकाळ केली आणि आहार शिकवणाऱ्या पोरीकडे पाठवलं. तिने तक्ता दिला, खूप वेळ समजावलं. चक्कर, घाम असलंही काहीतरी सांगत होती, पण माझं लक्ष तक्त्यावर होतं. तेव्हा तो तक्ता कपाटात गेला. आज काढून स्वयंपाकघरात चिकटवलाय.

ही वही ओतिलियाने दिली. म्हणते, "तू भट्टीशी बोलतोस, पिठाशी बोलतोस, माझ्याशी तेवढं बोलत नाहीस. निदान लिही तरी." तर लिहितो. मी एव्हारिस्तो, पाववाला, मेक्सिको शहरातलं इस्तापालापा. बायकोचे दोन्ही पाय शाबूत ठेवायचे, एवढंच ठरवलंय.

५ ऑगस्ट

लग्न झाल्यापासून रोज सकाळी भट्टीवरून घरी येतो तेव्हा माझ्या हातात गरम पावाची पिशवी असते. आज रिकाम्या हाताने आलो. ओतिलियाने दारातच माझ्या सदऱ्याचा वास घेतला आणि म्हणाली, "एवढं तरी चालतं ना रे तक्त्यात, म्हाताऱ्या?" दोघंही हसलो.

तक्त्यात दिवसातून पाच वेळा खायला लिहिलंय. ते काही मला पटलं नाही. माणूस सकाळी, दुपारी आणि रात्री जेवतो. मधलं ते नुसतं चरणं, आणि चरण्यानेच तर ही वेळ आली. मधली दोन्ही खाणी मी काढून टाकली. जेवणाला दोन तोर्तिया, मक्याच्या पातळ भाकऱ्या, लिहिल्यात. दोनाच्या चार व्हायला किती वेळ लागतो? म्हणून एकही नाही. सकाळी गोळी, मग निवडुंगाच्या कोवळ्या पानांचा आणि सेलरीचा हिरवा रस. दुपारी उकडलेली भाजी आणि कोंबडीचा तुकडा. रात्री परत निवडुंग, आणि रात्रीची गोळी.

सासूबाई, दोन्या कुका, आमच्याकडेच राहतात. ऐंशी उलटली तरी जीभ मिरचीसारखी. ताटात डोकावून म्हणाल्या, "जावई, माझ्या बापाकडे शेळ्या होत्या. त्यांनासुद्धा निवडुंगाबरोबर मूठभर मका मिळायचा."

"मग त्या शेळ्या सडपातळ होत्या की नाही?"

"होत्या ना. मेल्या तेव्हाही सडपातळच होत्या."

१३ ऑगस्ट

दवाखान्यात नर्सने बोट टोचलं. साखर उतरलीय! नर्स रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघा, सेन्योरा ओतिलियांकडून शिका." ओतिलिया लाजली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "माझ्याकडून नाही, या जेलरकडून." मला ते आवडलं. घरी येताना छाती फुगवूनच चाललो.

डॉक्टरांना भेटायची पाळी ऑक्टोबरच्या सुरुवातीला. तोवर गोळी आहे तशीच. एकही चुकू देत नाही. भट्टीवरून आलो की हात धुवायच्या आधी तिच्या जिभेवर गोळी ठेवतो.

२० ऑगस्ट

आज बाजारात वेगळंच झालं. निवडुंग सोलून देणाऱ्या बाईपाशी उभे होतो. ओतिलियाला अचानक घाम फुटला, ऊन नसताना. हात थरथरायला लागले. मी म्हटलं बस जरा, तर माझ्यावर खेकसली, "तू मला सांगू नकोस बसायचं की उठायचं!" चार लोकांत. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिने माझ्यावर आवाज चढवल्याचं आठवत नाही. मग उलट मलाच विचारते, मी काय म्हणाले?

चाबेला शेजारीण रस्त्यात भेटली. ती त्या वजन उतरवायच्या पावडरी विकते. म्हणाली, "घाबरू नका, डॉन एव्हारिस्तो. इतक्या वर्षांचं विष साठलंय, ते बाहेर पडतंय. आधी त्रास होतो, मग माणूस कोरा करकरीत." मला पटलं. भट्टी साफ करतानाही आधी काजळीच बाहेर येते.

दोन्या कुकांचं निदान दुसरं. त्यांच्या मते ओतिलियाने बहिणीच्या मरणाचा धसका घेतलाय, तो पोटात बसलाय. "बोलियो द्या तिला. धसक्यावर बोलियो. माझ्या आईने मला दिला, मी हिला दिला."

आता बोलियो कोण भाजतं या गल्लीत? मी. वर चीर दिलेला साधा पाव तो. मैदा, पाणी, मीठ, खमीर आणि चिमूटभर साखर, त्यात औषध कुठे असतं ते मला विचारा. सासूबाईंना तसं सांगितलं. त्यांनी फक्त नाक उडवलं.

२९ ऑगस्ट

ओतिलियाने आज कॉफीत मीठ घातलं आणि पिऊनही टाकली. मला तिच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारली. मी म्हटलं, अगं मी एव्हारिस्तो, तर बराच वेळ बघत राहिली. डोकं दुखतं म्हणते. सकाळी उठते तेव्हा उशी ओली असते.

मनात शंका येते. मी जास्त तर करत नाही ना? पण संध्याकाळी तिचे पाय धुतो तेव्हा शंका पळते. गरम पाण्याचं घमेलं घेतो आणि एकेक बोट उलगडून बघतो, कुठे फोड नाही, काळं नाही. पाय गुलाबी आहेत, ऊबदार आहेत. रोसाउराचे मी पाहिलेत.

ओतिलिया खुर्चीत मागे रेलून म्हणाली, "पायांची एवढी सेवा लग्नाआधी केली असतीस तर मी हुंडा मागितला असता."

"मागायचा होतास."

"आता देतोस का? एक कोंचा दे. छोटा." कोंचा म्हणजे वर साखरेचं शिंपलं असलेला गोड पाव, तिचा जीव की प्राण. मी टॉवेलने तिचे पाय पुसले आणि घमेलं उचललं.

९ सप्टेंबर

आज जमीन हलली. मी बेकरीत होतो, दुपारच्या ताटल्या लावत होतो. भोंगा वाजला आणि सगळी गल्ली रस्त्यावर आली. दिवे झुलले, विजेच्या तारा एकमेकींवर आपटल्या, कुणाचं काही पडलं नाही. संपलं तरी कुणी आत जाईना. मग नेहमीचंच: लोक बेकरीसमोर जमले. धसक्यावर बोलियो! मी टोपलीच बाहेर आणून ठेवली. अशा वेळी पैसे घेत नाहीत.

ओतिलिया आणि दोन्या कुका फुटपाथवर बसल्या होत्या. ओतिलिया आली तेव्हा पांढरीफटक होती, शुद्धीत आहे की नाही कळेना. मी टोपली वाटून परत आलो तर गालांवर रंग, डोळ्यांत चमक. चाबेलाची नक्कल करत होती, ती केसांना रंग लावलेला तशीच टॉवेल गुंडाळून पळत आली होती. सगळे पोट धरून हसत होते. मला जवळ बसवलं, माझ्या खांद्यावरचा मैदा झटकला. "म्हाताऱ्या, जमीन हलली तेव्हा तू आधी मला शोधलंस की भट्टी?" मी खरं सांगितलं, भट्टी विझवली आणि मग तुला. "बघा, बघा," ती सगळ्यांना म्हणाली, "दुसरी बायको!"

संध्याकाळभर ती अशीच होती, जुनी ओतिलिया. नाव चुकलं नाही, घाम नाही, थरथर नाही. भूकंपाने माणूस बरा होतो हे मी कधी ऐकलं नव्हतं.

मग कपडे आवरताना तिच्या एप्रनच्या खिशात पावाचे कण सापडले.

मी ओरडलो. खूप ओरडलो. दोन्या कुका म्हणाल्या, "मी दिला. आख्खा दिला. दुसरा पण देणार होते." मी म्हटलं, तुमची एक मुलगी गेली ती अशाच लाडांनी गेली. हे बोलायला नको होतं. म्हातारी उठून खोलीत गेली. ओतिलिया रडायला लागली आणि म्हणाली, "आईला नको बोलूस. परत नाही खाणार. शपथ."

त्या शब्दावरून मला एक सुचलंय.

१४ सप्टेंबर

तरुणपणी मी पीत होतो. ओतिलियाने मला चर्चमध्ये नेलं, ग्वादालुपेच्या मातेसमोर मी शपथ घेतली, पाद्रीबाबांनी कार्डावर सही करून दिली. शपथेच्या मुदतीत मी थेंबही घेतला नाही, मुदत संपल्यावरही नाही. आमच्या गल्लीतले निम्मे पुरुष अशा कार्डावर चालतात. बायकोचं ऐकलं नाही तरी चालतं, पण मातेला दिलेला शब्द मोडायची कुणाची छाती नाही.

आज रविवारी ओतिलियाला घेऊन गेलो. पाद्री आन्सेल्मो आधी हसले. "शपथ दारूची असते, एव्हारिस्तो. पावाची कसली? रोजची भाकर दे म्हणून आपण रोज देवाकडे मागतो, आणि तू ती सोडायची शपथ मागतोस? तीही पाववाला असून?"

मी रोसाउराच्या पायाचं सांगितलं. त्यांनी ओतिलियाला विचारलं, "पोरी, तुला स्वतःला घ्यायचीय का?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "याला रात्री झोप लागत नाही, पाद्रेसितो. घेते."

पाव, तोर्तिया आणि काहीही गोड, नाताळपर्यंत वर्ज्य. नाताळात आमची मुलगी नायेली तिहुआनाहून बाळाला घेऊन येणार आहे. तिच्यासमोर ओतिलिया दोन्ही पायांवर उभी असेल, बाळाला कडेवर घेऊन. तिने गुडघ्यावर बसून शपथ घेतली आणि उठताना तोल गेला, मी सावरलं. कार्ड तिने ब्लाउजमध्ये ठेवलंय.

मला किती हलकं वाटतंय. आता मी घरी नसलो तरी काळजी नाही.

२१ सप्टेंबर

शपथ ती पाळते. एवढी कडक पाळेल असं मलाही वाटलं नव्हतं. आज थरथरत होती, ओठ बधिर झालेत म्हणाली. मग लहान मुलीसारखं विचारलं, "शपथेत मध येतो का रे?"

मी विचार केला. मध गोडच. येतो म्हणालो.

"आणि संत्रं?"

"संत्रंही."

"बरं," ती म्हणाली. "मला माहीतच होतं. उगाच विचारलं."

दोन्या कुका माझ्याशी बोलत नाहीत. भिंतीशी बोलतात, मला ऐकू जाईल असं. "आमच्या गावी धसका काढतात. इथे तो पाळतात, दूध पाजून." खरं सांगायचं तर मलाही आता भीती वाटायला लागलीय. चाबेलाला विचारलं, विष संपायला किती दिवस? ती म्हणाली, जेवढं विष तेवढे दिवस. हे काही उत्तर झालं नाही. दवाखान्याची पाळी जवळच आलीय, तेव्हा विचारीन. आधी जाऊन ओरडा कशाला खायचा, म्हणतील एवढं चांगलं चाललंय आणि तुम्ही रांग मोडता.

२५ सप्टेंबर

ओतिलियाला अन्न जात नाही. रस ओकली. दुपारचं ताट तसंच राहिलं. रात्री निवडुंगाचे दोन घास, तेही माझ्यासाठी.

जेवण नाही तर नाही, निदान औषध तरी चुकायला नको. गोळी दिली. निघताना तिच्या कपाळावर हात ठेवला, थंड आणि ओलं होतं. म्हणाली, "भट्टीवर जातोस? माझ्या वाटचा वास घेऊन ये."

२७ सप्टेंबर

इस्पितळाच्या व्हरांड्यात लिहितोय. वही खिशात कशी आली माहीत नाही.

काल सकाळी घरी आलो तेव्हा ओतिलिया स्वयंपाकघरात जमिनीवर होती. तिचं डोकं दोन्या कुकांच्या मांडीवर. म्हातारीच्या हातात बोलियो होता, आदल्या दिवशीचा, आणि त्यातला भिजवलेला तुकडा ती लेकीच्या ओठांना लावत होती. दात घट्ट मिटलेले. "ऐकतच नाही," सासूबाई मला म्हणाल्या. कित्येक दिवसांनी माझ्याशी बोलल्या. "आधी ऐकू येत होतं तिला. तेव्हाही तोंड उघडलं नाही. शपथ, शपथ म्हणत होती. मी म्हटलं, पोरी, मोडलीस तर पाप मला लागेल. नाही म्हणाली."

मी तो तुकडा म्हातारीच्या हातातून काढून घेतला. आधी तेच केलं. मग गाडी बोलवायला धावलो.

इथली डॉक्टर तरुण बाई आहे. तिने विचारलं, काय खात होत्या? मी सांगितलं. अभिमानाने सांगितलं, लिहायला लाज वाटते, पण तसंच सांगितलं. पाव बंद, तोर्तिया बंद, गोड बंद. तिने विचारलं, आणि गोळी?

"एकही चुकवली नाही, डॉक्टर. काल काही खाल्लं नाही तरी गोळी दिली."

ती खुर्ची ओढून समोर बसली. डॉक्टर उभ्यानेच बोलतात, बसतात तेव्हा काय असतं ते मला रोसाउराच्या वेळी कळलंय. म्हणाली, गोळी साखर खाली ओढते. तुम्ही भरपूर खात होतात म्हणून ती दोनदा दिली होती. खाणं काढून घेतलंत, पण गोळी तेवढीच राहिली, ती ओढतच राहिली. घाम, थरथर, चिडणं, माणसं न ओळखणं, हे सगळं साखर संपल्याचं. साखर नसली की आधी डोकं विझतं. खाणं कमी केल्याचं येऊन सांगितलं असतंत तर गोळी कमी केली असती.

"मग तेव्हा काय द्यायला हवं होतं?" मी विचारलं.

"काहीही. चमचाभर मध, संत्र्याचा रस. वर अर्धा पाव."

ती उठून गेली. मी पाय बघू का म्हणून नर्सला विचारलं. तिने चादर वर केली. पाय अजून गुलाबी आहेत, दोन्ही. नर्स म्हणाली, किती छान ठेवलेत.

१ ऑक्टोबर

ओतिलिया काल गेली. डोळे उघडलेच नाहीत.

आज दवाखान्याची पाळी होती.

४ ऑक्टोबर

पुरून आलो. तिच्या ब्लाउजमधलं कार्ड नर्सने मला दिलं होतं, ते मी पेटीत ठेवलं नाही. फाडलं. नाताळपर्यंत कुणी थांबायचं नाही आता.

पेटीपाशी रात्रभरच्या जागरणाला पाव लागतो. आलेल्या माणसांना कॉफी आणि पाव द्यायचा असतो. शेजारची बेकरी पाठवते म्हणाली, मी नको म्हटलं. भट्टी मीच पेटवली. कोंचा केले, वरची शिंपली एकेक कोरली. बोलियो केले. पेटी घरात होती आणि घरभर ताज्या पावाचा वास. इतक्या आठवड्यांनी मी या घरात पाव आणला. लोक म्हणत होते, डॉन एव्हारिस्तो, काय पाव झालाय! चाबेलाने दोन खाल्ले.

नायेली बाळाला घेऊन आली आहे. ती विचारते, पपा, अचानक कसं झालं? फोनवर तर आई म्हणायची, तुझ्या बापाने मला राणीसारखं ठेवलंय. मी म्हटलं, साखर. एवढंच म्हटलं. ते खोटं नाही.

पण दोन्या कुकांशी मला तसं जमेना. सगळे गेल्यावर त्या स्वयंपाकघरात तिच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी समोर उभा राहिलो आणि डॉक्टर जे बोलली ते सगळं सांगितलं. गोळीचं, खाण्याचं, चमचाभर मधाचं. म्हटलं, तुमचंच खरं होतं, सासूबाई. तिला पावच द्यायला हवा होता.

म्हातारी म्हणाली, "मला कुठे काय कळतंय. आम्ही धसक्यावर देतो, म्हणून मी देत होते." तक्ता अजून भिंतीवर होता, तिच्या डोक्यामागे.

माझे हात थरथरायला लागले. आधी हात, मग गुडघे, दात एकमेकांवर वाजायला लागले, मी टेबलाला धरलं. किती दिवसांत मी काही खाल्लं नव्हतं ते आठवत नाही. दोन्या कुका उठल्या. मला वाटलं मारणार. मारायला हवं होतं. त्यांनी टोपलीतला उरलेला बोलियो घेतला, चिरेपाशी मोडला आणि अर्धा माझ्या हातात कोंबला.

"खा," त्या म्हणाल्या. "या घरातून लगेच दुसरी पेटी निघायला नको."

मी नको म्हणालो. दोन वेळा म्हणालो. त्यांनी माझी हनुवटी धरली, लहान मुलाची धरतात तशी, आणि तुकडा तोंडात घातला. त्यांचा हात लेकीच्या ओठांशी किती वेळ तसाच होता, ते मला आठवलं.

खाल्ला. दुसरा अर्धाही खाल्ला. थोड्या वेळाने थरथर थांबली.